चार वाजताच्या लाह्या

मार्च लागला, कोपऱ्यावरच्या शाळेची वेळ सकाळची झाली, आणि माझं चार वाजताचं दुखणं पुन्हा सुरू झालं.

दुखणं म्हणजे तसं काही नाही. डॉक्टरला सांगितलं तर हसेल. दुपारचे चार वाजत आले की मला एका जागी बसवत नाही, एवढंच. उठते, स्वयंपाकघरात जाते. शेंगदाण्यांचा डबा उघडते, लावते. पोह्यांचा उघडते, लावते. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्यात का ते बघते. बाहेर येऊन बसते आणि पाच मिनिटांत पुन्हा उठते. सून बिचारी म्हणते, "आई, काय हवंय सांगा ना, मी देते." काय हवंय ते मला ठाऊक असतं तर मी डबे कशाला वाजवत बसले असते! घरात चार वाजता खाऊ मागणारं एकही पोर उरलेलं नाही. नातू शिकायला पुण्याला, नात लग्न होऊन गेली. आम्ही तिघं मोठी माणसं, आणि तिघांनाही डॉक्टरांनी काही ना काही बंद केलेलं. तरी दर उन्हाळ्यात हे असं होतं. पावसाळा लागला की आपोआप थांबतं. श्रीरामपुरात राहायला येऊन मला चाळीस वर्षं होत आली. इथं पाणी आहे, ऊस आहे, बाजारात पाहिजे ते मिळतं. पण चार वाजता मी इथं नसतेच. मी काष्टीपासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावात असते, चुलीपुढं, आणि माझ्या मागं छबी उभी असते. "ताई, काय करतीस? ताई, झालं का?"

छबी माझी धाकटी बहीण. त्या वर्षी ती पाच वर्षांची होती आणि मी तेरा.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. आमच्याकडं ज्वारी पेरतात ती पावसाळा सरताना, जमिनीतल्या ओलीवर. त्या साली ओलच नव्हती, त्यामुळं पेरणीच झाली नाही. दिवाळीनंतर दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बैलजोडी सोडली आणि पुणतांब्याला आत्याच्या घरी निघाले. तिकडं गोदावरीच्या कडेनं थोडाफार चारा होता. जाताना उंबऱ्यात थांबून आईला म्हणाले, "बैलं मी संबाळतो. तू बियाणं तेवढं संबाळ. बाकी कायबी हू दे."

ते 'बाकी' म्हणजे मी आणि छबी, असं मला वाटलं आणि माझं डोकंच फिरलं. मला राग पटकन येतो. अजूनही येतो. आता तो बोलून दाखवायचा नाही एवढं वयानं शिकवलंय. तेव्हा तेही येत नव्हतं.

बी होतं उतरंडीच्या तळाच्या मडक्यात. वर दोन रिकामी मडकी, आणि खाली आमची पांढरी ज्वारी, राखेत घोळून ठेवलेली. राखेमुळं कीड लागत नाही. दर वर्षी खळ्यावर दादा सगळ्यांत भरलेली कणसं स्वतः निवडायचे आणि त्यांचं बी धरायचे. त्यांच्या वडिलांपासून तेच बी चालत आलेलं. घरात कितीही ओढ असली तरी त्या मडक्याला हात लावायचा नसतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चुलीला पाय लावू नये हे जसं कळतं, तसंच ते कळलेलं होतं.

आई दुष्काळी कामावर जायची, तलावाच्या बांधावर खडी फोडायला. दिवस उगवायला जायची ती दिवस कलल्यावर यायची. हात बघवत नसत तिचे. कामावर चार वाजता शिट्टी व्हायची आणि सगळ्या बायामाणसांना सुखडी वाटायचे. मिलोच्या तांबड्या ज्वारीचं पीठ, गूळ, तेल असं काहीतरी भाजून केलेला तो भुगा. आई आपल्या वाट्याची पदराच्या टोकाला बांधून घरी आणायची. गाठ सोडली की त्या गुळाचा वास सगळ्या घरभर व्हायचा. छबी त्यातलं एवढं एवढं चिमटीनं घेऊन खायची. पण ते संध्याकाळी. सकाळची शाळा सुटून मी घरी आले की मधली सगळी दुपार माझ्या गळ्यात.

आणि दुपारी चारला पोरांना काहीतरी लागतंच. जगात कुठंही जा, पोराच्या पोटात चार वाजता घड्याळ वाजतं.

काय काय केलं मी त्या दुपारी! चिंचोके भाजले. आधी भाजून, मग वरवंट्यानं साल फोडून, मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवले की दिवसभर चघळता येतात. चिंच, मीठ, मिरची आणि नावाला गूळ असं कुटून काटकीच्या टोकाला गोळा लावला आणि छबीच्या हातात दिला. शिळी भाकरी चुरून तव्यावर तेलाच्या दोन थेंबांवर कुरकुरीत केली, वर तिखट-मीठ. मागल्या सालच्या वाळलेल्या बोरांचं कूट केलं. हुलगे मिळाले त्या दिवशी घुगऱ्या केल्या आणि घरात सण झाला. मला त्यात मजाही यायची, खोटं कशाला बोलू. काही नसताना काहीतरी करायचं म्हणजे तेरा वर्षांच्या पोरीला आपण फार मोठं झाल्यासारखं वाटतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "सुमे, तुज्या हाताला चव हाय गं." मी फुगायचे.

पण माघात छबीला गोवर आला. गोवर गेला आणि जाताना तिची भूक घेऊन गेला. रेशनवर तेव्हा मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी विटकरीच्या रंगाची व्हायची आणि गार झाली की चामड्यासारखी. आम्ही गिळत होतो. छबीनं मात्र ताट सरकवलं आणि म्हणाली, "ही मातीची हाय. मी माती खानार न्हाई."

समजूत घातली, ओरडले, एकदा मारलंही. तोंडच उघडेना. चिंचोके नकोत, चिंच नको. सुखडीसुद्धा चिमटीभर खाऊन थुंकायची, कारण तीही तांबडीच. तिला कडेवर घेतलं की तिची हाडं मला टोचायची. एका संध्याकाळी आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं आणि मला म्हणाली, "सुमे, पोर हातची जाती का काय गं?" आईच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून जी बेचैनी शिरली, ती अजून पुरती बाहेर निघालेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी छबीला विचारलं, "तुला काय पायजे? सांग, मी करते."

ती म्हणाली, "लाह्या."

नागपंचमीला आमच्याकडं घरोघरी ज्वारीच्या लाह्या होतात. त्या साली झाल्या नव्हत्या. हिच्या कसं लक्षात राहिलं कोण जाणे. मी म्हटलं, एवढंच ना! मिलो घेतली, कोमट पाण्याचा हबका मारला, फडक्यात बांधून ठेवली, दुपारी कढई तापवली. चार-दोन दाणे उडाले, बाकी सगळे नुसते करपले. घरभर धूर. छबी कढईत डोकावली आणि जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. रडली असती तरी बरं वाटलं असतं.

मी उतरंडीकडं बघितलं.

वरची दोन मडकी उतरवून खाली ठेवली. एक मूठ काढली. राख धुतली. पाण्याचे इतके हाल की ते राखेचं पाणीसुद्धा मी भांडी घासायला ठेवलं. सकाळी शाळेत जाताना दाणे फडक्यात बांधून ठेवले. इतिहासाच्या तासाला बाई काय शिकवत होत्या देव जाणे, माझं सगळं लक्ष त्या फडक्यात. आणि चार वाजता तापलेल्या कढईत मूठ टाकली, वरून कापडाच्या बोळ्यानं फिरवलं, तर असा तडतडाट झाला म्हणता! पांढऱ्याशुभ्र लाह्या कढईबाहेर उड्या मारायला लागल्या. छबी हसली. गोवर झाल्यापासून पहिल्यांदा हसली. जमिनीवरच्या वेचून खाल्ल्या तिनं. वाटी संपली तेव्हा म्हणाली, "ताई, उद्या पन?"

खाली उरले ते गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे. ते मी चावून खाल्ले. जास्त जळलेले चुलीत लोटले.

उद्या पण. परवा पण. रोज एक मूठ. आठ दिवसांत ती लाह्यांवर ताक मागायला लागली. शेजारच्या काकूंच्या शेळीचं भांडंभर दूध आणून विरजलं. पंधरा दिवसांत अंगणात पळायला लागली. मी खूश. फक्त मडक्यात हात घातला की बी खाली गेलेलं कळत होतं. मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. जेवढी मूठ काढायची तेवढी मूठ मिलो टाकायची आणि राखेत कालवून द्यायची. राखेत सगळंच करडं. तांबडं कुठलं आणि पांढरं कुठलं, ब्रह्मदेवालाही कळणार नाही! मी स्वतःवर फारच खूश झाले.

लाह्या सुरू झाल्या त्याच सुमारास आईनं सुखडी आणणं बंद केलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरली. दुसऱ्या दिवशीही पदराला गाठ नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आई, सुखडी?" ती पाणी पीत होती. म्हणाली, "खाल्ली मी. खडी फोडायची म्हंजे भूक लागती." आणि रोज तेच. छबी तांबडं खात नव्हती, पण मी खात होते. मला त्या गुळाच्या वासाची वाट बघायची सवय झाली होती. मी दिवसभर राबायचं, हिच्या पोरीला जगवायचं, आणि ही तिथं बसून एकटीच खाती! एका संध्याकाळी तोंडातून गेलंच, "पोरींच्या वाट्याचं सगळं तूच गिळतीस व्हय?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ती फक्त म्हणाली, "व्हय, गिळते. तुला काय करायचंय?" आणि चुलीतली राख भरायला बसली.

मला त्या उत्तराचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मी चांगली आणि आई वाईट, असा हिशेब मनात पक्का केला आणि त्यावर निवांत झोपले.

निवांतपणा टिकला नाही. सातवीची परीक्षा होती. गणिताचा पेपर. उदाहरणात कुठल्याशा धान्याची पोती होती, माती वजा जाता निव्वळ धान्य किती, असं काहीतरी. मी वजाबाकी मांडली आणि हात तिथंच थांबला. राख. पेरणीच्या आधी बी चाळतात! राख खाली पडते आणि स्वच्छ बी सुपात येतं. आणि दर वर्षी आईसमोर बसून ती चाळण धरणारी कोण? मी! दर वर्षी मी स्वतः धरायचे, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पेपर अर्धा कोरा सोडून मी घरी आले. वाटेत बाभळीखाली बसले.

आता काय करायचं? सांगून टाकायचं? ज्या आईला मी गिळतीस म्हणाले होते, तिला जाऊन सांगायचं की बी मी संपवलं? बैल जगतील, पाऊस पडेल, दादा येतील, आणि पेरायला मडक्यात निम्मी मिलो! दादांच्या वडिलांपासूनचं बी! मी घाबरून लाह्या बंद केल्या. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी छबी पुन्हा ताटासमोर तोंड मिटून बसली. मी मुकाट्यानं उठून मडकी उतरवली. चोरी आहे हे कळल्यावर काढलेली ती पहिली मूठ. आधीच्या सगळ्या मुठी एकीकडं आणि ती एक मूठ एकीकडं.

तो उन्हाळा मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. कुणी "दादा" म्हटलं की दचकायचे. आभाळात ढग दिसला की गावाला आनंद आणि मला घाम. सगळं गाव पावसाची वाट बघत होतं, आणि एवढ्या मोठ्या गावात मी एकटीच पोरगी, जी मनातल्या मनात म्हणत होती, नको येऊस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनेलाही नाही.

पाऊस यायचा तो आलाच. त्र्याहत्तरला चांगला झाला. छबी बाजरीच्या हिरव्या कणसांवर तुटून पडायला लागली, लाह्यांचं नावही घेईना. भाद्रपदात दादा बैल घेऊन परतले. दोन्ही बैल वाळले होते, पण पायांवर उभे होते. दादांनी छबीला उचललं, वर फेकलं, झेललं. आईला विचारलं, "बी?"

"हाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा पेरणीची पाभर नीट करायला सुताराकडं गेले. आईनं अंगणात पोतं अंथरलं, मडकं आणलं आणि हाक मारली, "सुमे, चाळण धर."

मी धरली. आईनं मडकं ओतलं. राख खाली भुरभुरायला लागली, आमच्या दोघींच्या पायांवर, पदरावर. आणि चाळणीत हळूहळू पांढरं दिसायला लागलं, मग तांबडं दिसायला लागलं. मग तांबडंच जास्त. माझे हात थांबले. मी वर बघितलं नाही. आता बोलेल, आता मारेल, आता दादांना सांगेल.

आई म्हणाली, "छबे, इकडं ये. हे तांबडं तांबडं येगळं काढ."

छबी आली, मांडी घालून बसली आणि एक एक दाणा निवडायला लागली. तिला खेळ मिळाला. गालांवर मांस आलेलं, गुणगुणत निवडत होती. आई उठून आत गेली. आली ती एक फडक्याचं गाठोडं घेऊन. गाठ सोडून तिनं सुपात ओतलं. पांढरी ज्वारी. चांगली दोन पायली असेल.

"हे मिसळ त्यात," आई म्हणाली.

"कुठनं आनलं?"

"सुखडीचं." आई सूप पाखडत होती. "कामावर काष्टीची एक बाई यायची. तिच्या हिरीला पानी हुतं, घरात जुंधळा हुता. पन पोरं लई, त्यास्नी गोडाची आस. मी तिला सुखडी द्यायची, ती मला वंजळभर जुंधळा द्यायची."

मी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. चुलीतली राख भरताना गणंग घावले, मंग मडक्यात बघितलं." सुपातला एक खडा काढून तिनं अंगणात टाकला. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, "लाह्या फुटायच्या का गं चांगल्या?"

"व्हय."

"मग झालं की," आई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या साली आमचं रान एकसारखं आलं नाही. परक्या घरची ज्वारी, कुठं धाट उंच, कुठं बुटकं, कणसंही दोन तऱ्हेची. दादा बांधावर उभे राहून म्हणाले, "आपलं बी आसं न्हवतं." आई म्हणाली, "वरीसभर मडक्यात बसून बिघडलं आसंल." आणि तो विषय तिथंच संपला. दादा गेले तोवर त्यांना कळलं नाही. छबीला यातलं काहीच आठवत नाही. ती म्हणते, मला लाह्या कधी आवडायच्याच नाहीत. बोला आता!

आई त्यानंतर पुष्कळ जगली. इथं श्रीरामपुरातही येऊन राहायची महिना-महिना. माझ्या पोरांना चार वाजता काय काय करून घालायची. तिच्याशी मी जगातलं सगळं बोलले. गिळतीस म्हणाले तो शब्द तेवढा मागं घ्यायचा राहून गेला. रोज वाटायचं, आज म्हणू. मग वाटायचं, तिला कुठं आठवत असेल, उगाच कशाला उकरून काढा. अशी मी माझी सोय बघितली.

आज पुन्हा चार वाजले. मी उठले, डबे उघडले, लावले. सून म्हणाली, "आई, काय हवंय?" आणि या वेळी माझ्या तोंडून आपोआप गेलं, "मला नको गं, तिला काहीतरी दे."

"कुणाला?"

काय सांगणार? चार वाजता छबी लाह्या खायची. मी गणंग खायचे. आणि त्याच चार वाजता, तिथं बांधावर शिट्टी व्हायची. सगळ्या बाया सावलीला बसून सुखडी खायच्या आणि आई आपल्या वाट्याची दुसरीच्या पदरात घालायची. सकाळपासून खडी फोडून दमलेली. मग परत हातोडी घ्यायची. ती तीस वर्षं माझ्यासमोर होती. चार वाजता तू काय खायचीस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.